वाडे पडताहेत, रडायचं कुणी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या गढीची देवडी बसली. रात्रभर झड लागली होती आणि पहाटे मोठा आवाज झाला. उजाडेपर्यंत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू. मातीच्या ढिगातून वर आलेले काळे खांब, आडवी पडलेली तुळई, तिच्या टोकाला कोरलेलं कमळ. पुण्यात स्थायिक झालेल्या गढीवाल्यांच्या एका नातवानं खाली लिहिलं, ‘आज आपला वारसा संपला.’ त्यावर रडण्याच्या खुणा पडत गेल्या. त्यात आमच्या वस्तीतल्या एका पोराचीही होती. बी.एस्सी.ला आहे, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं असतो.

मला त्याला एवढंच विचारायचं होतं, ‘आपला?’ बोटं फोनवर गेली आणि थांबली. थांबली कारण हा प्रश्न मला स्वतःलाही विचारावा लागणार होता आणि त्याचं उत्तर सोयीचं नव्हतं. मित्रांनो, हा लेख त्या न लिहिलेल्या उत्तराचा आहे. गढीवाल्यांची उणीदुणी काढायला बसलो नाही. चूक माझीही आहे, ती पुढं येईलच.

आधी गढीचं सांगतो. नांदेड-लातूरच्या सीमेवरचं आमचं गाव. पूर्वी निजामाच्या राज्यातलं. गढी म्हणजे पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावरचा वाडा. चारही बाजूंनी बुरुजासारख्या भिंती, आत चौक, चौकाभोवती खण. आमच्याकडं घर खणात मोजतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. गरिबाचं दोन खणाचं, बागायतदाराचं सात-आठ खणाचं, गढी म्हणे चाळीस खणांची. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबाच्या डोक्यावर नक्षीचा हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचन, किलचनावर पाला आणि त्यावर हातभर पांढरी माती. हे माळवद. उन्हाळ्यात बाहेर चटके बसत असले तरी आत गार. एकही लोखंडी खिळा नाही. कुसू खाचेत बसवायचं आणि लाकडी मेख ठोकायची. हे कसब मोठं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण माझी आजी या गढीबद्दल बोलायची तेव्हा त्यात नक्षी कधी यायची नाही, ओझं यायचं. तिच्या सासऱ्याच्या काळात गढीच्या तुळया किनवटच्या जंगलातून आल्या म्हणे. गाड्या नदीपर्यंत आल्या, नदीला पाणी, पलीकडून महारवाडा आणि मांगवाडा वेठीला बोलावला. एका तुळईला सोळा माणसं. खांद्याची सालं निघाली. मजुरी काय, तर जोंधळ्याची भाकरी आणि वर एक शिवी. तुळई चौकात टाकली आणि सोळाही जणांना बाहेर काढलं. मग म्हणे त्या जागेवर गोमूत्र शिंपडलं. लाकडाला मात्र विटाळ झाला नाही. ‘लाकूड लई हुशार’, आजी हसून म्हणायची, ‘त्येला शिवलेलं कळत न्हाई.’ यातलं किती तिनं ऐकलेलं आणि किती जोडलेलं ते तीच जाणे. पण निजामाच्या मुलखात वेठ कशी होती हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्या गढीतला एकही खण तिनं आतून पाहिला नव्हता. देवडीच्या पायरीपर्यंत जायचं, सरपण टाकायचं, परत यायचं. आमच्या माणसांचा आणि लाकडाचा संबंध गावानं असा ठरवून दिलेला: वाहायचं, फोडायचं, दुसऱ्याच्या चुलीपर्यंत पोचवायचं. त्याचं घर करायचं नाही.

‘करायचं नाही’ हे अक्षरशः. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या आणि १९८९ साली महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आलेल्या लिखाणात गावगाड्याच्या अलिखित कायद्याची यादी आहे. अस्पृश्यांनी गावाबाहेर राहायचं, तेही दक्षिणेला, कारण ती दिशा अशुभ. जमीन, गुरंढोरं जमवायची नाहीत. सोनं घालायचं नाही. आणि त्याच यादीत आहे: कौलारू घर बांधणं हा अपराध. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कौल या वस्तूकडं माझं लक्ष गेलं. भाजलेल्या मातीचा दोन वितींचा तुकडा, पण तो डोक्यावर असणं गुन्हा. कारण उघड आहे. कौलाला वासे लागतात, वाशांना आढं लागतं, आढ्याला खांब लागतात. म्हणजे घर टिकतं. टिकणाऱ्या घरातला माणूस उद्या हलवता येत नाही. गवताच्या छपरातला येतो. एक काडी पुरते.

म्हणून ‘लोकवास्तू’ म्हणून जे छापून येतं ते वाचताना मला पहिला प्रश्न पडतो, लोक म्हणजे कोण? ओसरी, झोपाळा, माजघर, तुळशीवृंदावन. पुरवण्यांतले लेख इथंच सुरू होतात आणि इथंच संपतात. सुताराचं नाव क्वचित येतं, वडाराचं येत नाही, दोर वळणाऱ्या मांगाचं तर नाहीच. खांब कुणी वाहिले हे तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि वेशीबाहेरची दोन खणांची घरं? बाभळीचे मेढके, कडुलिंबाचं आढं, पळाटीचा कूड, वर गवत. तीही लाकडाचीच होती. तिथंही अक्कल होती: कुठलं लाकूड वाळवी खात नाही, कुठलं पाण्यात कुजत नाही, कुठला फाटा कुठं धरावा. त्याला वास्तू म्हणायचं कुणाला सुचलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही सुचलं नाही.

आता आमच्या समाजमंदिराकडं येतो.

छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर वर्षभरात आमच्या वस्तीनं ते बांधलं. नागपूरला जाऊन आलेले तिघं होते, त्यांनी उचल खाल्ली. निजामी संपून आठ-नऊ वर्षं झाली होती, गढीवाल्यांचे भाऊहिस्से सुरू झालेले. एका हिश्श्यातले खण उतरवून लाकूड विकायला काढलं. वस्तीनं घरटी वर्गणी केली, कुणी शेळी विकली, आणि एक सागवानी लाकूड विकत घेतलं. आढ्यासाठी. आजी छातीठोकपणे सांगायची की हे तिच्या सासऱ्यानं वाहिलेल्या तुळयांपैकीच होतं. मी तिला कधी उलटतपासणी केली नाही. बाकी सहा खांब आपल्याच बांधावरच्या कडुलिंबाचे, वासे बाभळीचे, आणि वर मंगळुरी कौलं. आमच्या वस्तीवरचं पहिलं कौल.

गावचा सुतार काम घ्यायला तयार झाला, वस्तीत यायला नाही. मग ओढ्याच्या अलीकडं चिंचेखाली लाकूड पडलं. त्यानं तिथंच तासलं, खाचा पाडल्या, कुसवं काढली, सगळा सांगाडा जमिनीवर जुळवून पाहिला आणि सोडवला. प्रत्येक सांध्यावर गेरूनं आकडा घातला. मग आपल्या माणसांनी तो वस्तीत नेला. चौथी शिकलेला एकच माणूस होता. तो आकडे वाचून ओरडायचा, बाकीचे उचलायचे. तीनला तीन, चाराला चार. एक सांधा चुकला नाही म्हणतात. तो सुतार लांब उभा राहून बघत होता. शेवटचं आढं बसल्यावर त्यानं तिकडूनच हात जोडले. त्याच्या मनात काय होतं कुणास ठाऊक. जात त्याचीही गावानं बलुत्याला बांधलेलीच होती. पण ओढा ओलांडणं त्याला जमलं नाही, हेही तितकंच खरं.

गावाला ते घर खुपत होतं. एकवीस वर्षं खुपत होतं.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या वस्त्यांवर काय गुदरलं ते आपल्याला नव्यानं सांगायला नको. पोचिराम कांबळे, जनार्दन मेवाडे ही नावं आपल्याला पाठ आहेत. आमच्या वस्तीत माणूस गेला नाही, कारण माणसं आधीच हायब्रीडच्या उभ्या पिकात जाऊन बसली होती. आबा तेव्हा अठरा वर्षांचे होते. ते सांगतात, छपरं चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात गेली. गवत आणि पळाटी, पेटायला वेळ तो काय. पण समाजमंदिर पेटेना. घासलेट टाकलं, रिपा जळाल्या, वासे जळाले, कौलं तडतडून फुटली. आढं मात्र जागचं हललं नाही. जाड सागवान असंच जळतं. वरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला राखतो. सकाळी परतल्यावर दिसलं ते हे: सगळी वस्ती राख आणि मधे काळे सहा खांब, त्यावर काळं आढं.

वाकस घेऊन आपल्याच माणसांनी त्यावरचा कोळसा तासला. तोवर वस्तीतली दोन पोरं लातूरला फर्निचरच्या कामाला जायला लागली होती, सुताराला हात जोडायची गरज राहिली नव्हती. उजव्या अंगाला बोटभर खोल जळालेलं होतं, ते तसंच राहू दिलं. नवे वासे, नवी कौलं. मी लहानपणी त्या समाजमंदिरात रात्रीच्या अभ्यासाला जायचो. एकच बल्ब. पाढे म्हणताना मान वर केली की तो काळा डाग दिसायचा. विचारलं की म्हातारे एवढंच म्हणायचे, ‘ते अठ्ठ्याहत्तरचं.’ आमचा इतिहासाचा पहिला तास तो. पुस्तक नंतर आलं.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. आमच्याकडं फक्त हादरा बसला, समाजमंदिराची मागची भिंत पोटातून फुगली, सांगाडा तसाच. पण किल्लारी-सास्तूरकडं सुमारे आठ हजार माणसं गेली आणि त्यातली बहुतेक माळवदाखाली आणि दगडी भिंतींखाली गेली. दोन-अडीच फुटांच्या रुंद भिंती, मातीत रचलेले गोटे, आणि वर्षानुवर्षं पावसाआधी माती टाकून टाकून जड झालेलं छत. जिथं खांब-तुळयांचा सांगाडा नीट होता तिथं भिंती ढासळूनही छत तरलं आणि माणसं वाचली, हेही पाहणाऱ्यांनी नोंदवलं आहे. आणि दुसरी गोष्ट. गावकुसाबाहेर कूड आणि पत्र्याच्या हलक्या खोपटांत राहणारे पुष्कळजण वाचले. ज्यांना दगडी माळवद बांधायची ऐपतही नव्हती आणि मुभाही नव्हती, ते वाचले. याला काय म्हणायचं? मी याचा न्याय वगैरे लावत नाही. लहान पोरं मेली तिथं, कुणाची जात बघून समाधान मानायचं नसतं. पण एवढं नक्की की लाकूड दोषी नव्हतं. दोष मातीच्या ओझ्याचा आणि सांधे न धरणाऱ्या भिंतींचा होता.

लोकांनी मात्र माळवदच सोडलं. भूकंपानंतरच्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात किती खण उतरवले गेले याची मोजदाद नाही. माती खाली ओढली, तुळया विकल्या, पत्रे चढले. वर पुनर्वसनाची गंमत पाहा: नव्या गावठाणांत घरं दिली ती जमिनीच्या पट्टीनं मोजून. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, त्यावरच्याला ४००, मोठ्या बागायतदाराला ७५०. पडलेली गढी अशी शासनानं सिमेंटमध्ये पुन्हा उभी केली आणि खोपटही. फक्त खणाऐवजी चौरस फूट आले.

माळवद एकट्या भूकंपानं गेलं असं नाही. सुतारांच्या पोरांनी बलुतं सोडलं आणि बरंच केलं. पोत्यानं धान्य घेऊन कुणाच्या दारात किती पिढ्या उभं राहायचं? साग तोडायला वनखात्याची परवानगी लागते, ती काढण्यात चपला झिजतात. माकडं कौलं फोडतात, शाकारणीला वर चढणारा माणूस मिळत नाही. वाडेवाल्यांचे दहा हिस्से होतात आणि दहाही पुण्यात. आणि सरकारच्या लेखी लाकूड म्हणजे कच्चं. २०११ च्या जनगणनेत छपराच्या रकान्यात गवत, बांबू, लाकूड आणि माती यांचा मिळून एकच प्रकार आहे. म्हणजे शंभर वर्षं उभी असलेली सागाची गढी आणि आमच्या आजीचं गवताचं छप्पर एका खान्यात. जनगणनेनं बाबासाहेबांच्या आधी समता आणली म्हणायची! गमतीचा भाग सोडा. याचा परिणाम असा की घरकुल पाहिजे तर ‘कच्चं’ पाडावं लागतं. २५ चौरस मीटरचा डबा मिळतो, मे महिन्यात त्यात बसवत नाही, तरी प्रत्येकाला तो पाहिजे. मलाही पाहिजे होता.

इथं माझा भाग येतो. २०१८ साली आमच्या वस्तीला समाजमंदिरासाठी आमदार निधी मंजूर झाला. जागा तीच. समितीचा सचिव मी. मी शहरात शिकून आलेलो, भाषण चांगलं करतो, म्हणून सचिव. बैठकीत दोन म्हातारे म्हणाले, शेजारी बांधा, हे राहू द्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘गावातलं मंदिर ग्रॅनाइटचं आणि आपलं विहार अजून कौलाचं? किती दिवस आपण जुनाट राहायचं?’ टाळ्या पडल्या. माझं ते वाक्य आजही काही पोरांना आठवतं. मला विसरायचं आहे.

जेसीबी आला. भिंती दहा मिनिटांत गेल्या. सांगाडा मात्र सुटा होईना. ड्रायव्हर खांब ओढतो तर अख्खं घर त्याच्याकडं झुकतं आणि पुन्हा सरळ होतं. शेवटी सगळं एकदम आडवं झालं. धूळ बसल्यावर एका खांबाच्या कुसवावर गेरूचा ‘४’ दिसला, साठ वर्षं खाचेच्या आत झाकून राहिलेला. मी पाहिला. फोन खिशात होता. फोटो काढला नाही. त्या जागेवर झालेल्या भूमिपूजनाचे माझ्याकडं अडतीस फोटो आहेत.

माझी ही खंत आबांना पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं मी इथं पूर्ण मांडलं पाहिजे. ते म्हणतात, ‘तुला लाकडाचं लई कौतिक. गळक्या कौलाखाली पातेली मांडत रात्र काढलीस का कधी? आढ्यावरनं इंचू पडायचा आंगावर. आन् काडी लावली की जातंय, ह्ये ध्यानात ठेव. सलॅब पेटत न्हाई.’ याला माझ्याकडं उत्तर नाही. अठ्ठ्याहत्तरची रात्र पिकात काढलेल्या माणसाला ‘पारंपरिक वास्तूचं सौंदर्य’ कुठल्या तोंडानं सांगू? आमच्या लोकांनी सिमेंट पसंत केलं ते फॅशन म्हणून नव्हे. सिमेंट पेटत नाही म्हणून. वारसा-वारसा म्हणून हळहळणाऱ्यांनी हे एकदा तरी कानावर घ्यावं.

तरीही मी आबांशी पूर्ण सहमत नाही, आणि याचं कारण कार्ले आहे.

दोन वर्षांपूर्वी एक जानेवारीला भीमा कोरेगावहून परतताना आम्ही पंधरा-वीस जण देहूरोडला उतरलो, जिथं २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. दुसऱ्या दिवशी भाजे आणि कार्ले. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलो तेव्हा माझी मान सवयीनं वर गेली. छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या. मला वाटलं पुरातत्त्व खात्यानं आधाराला लावल्या असतील. तिथल्या राखणदारानं सांगितलं, नंतर मी वाचून खात्री केली: या फासळ्या मूळच्या आहेत. सागाच्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. लेणं दगडाचं, त्याला लाकडी आधाराची काही गरज नाही. पण खोदणाऱ्यांच्या डोळ्यांत चैत्य म्हणजे लाकडाचंच घर होतं, म्हणून त्यांनी डोंगराच्या पोटात लाकूड नेऊन बसवलं. भाज्याचे खांब तर आतल्या बाजूला कललेले आहेत, लाकडी खांब भार पेलायला जसे तिरके रोवतात तसे. दगडात कोरलेल्या सज्ज्या, जाळ्या, कमानी, सगळी लाकडाची नक्कल. आपल्या धम्माची या मातीतली पहिली घरं लाकडाची होती. ती कुजून, जळून गेली आणि दगडात त्यांची आठवण राहिली.

कार्ल्यालाच एक छोटा शिलालेख आहे. धेनुकाकट गावचा सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं दरवाजाचं काम केलं असं त्यात कोरलेलं आहे. त्याचा धंदा लिहिला आहे: वढकी. म्हणजे सुतार. विदर्भात अजून वाढई म्हणतात तोच शब्द. त्याच लेण्यात वैजयंतीच्या श्रेष्ठी भूतपालाचा लेख आहे, जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्ण केलं असं सांगणारा. श्रेष्ठीचं नाव आहे आणि सुताराचंही नाव आहे, बापाच्या नावासकट. आमच्या गढीवर गढीवाल्यांच्या पूर्वजाचं नाव होतं, सुताराचं नव्हतं, वाहणाऱ्या सोळांचं तर नव्हतंच. आणि आमच्या समाजमंदिरावर? तिथं पाटीवर आता आमदाराचं नाव आहे, खाली ‘सचिव’ म्हणून माझं आहे. चौथी शिकून आकडे वाचणाऱ्या माणसाचं नाव मी बांधकामाच्या वेळी विचारलंही नाही. आता विचारतो तर सांगणारं कुणी उरलं नाही.

म्हणून त्या बी.एस्सी.च्या पोराला मी आता फोन करून बोललो. गढीसाठी रडू नको असं म्हणालो नाही. म्हणालो, गढीत तुझ्या पणज्याचं खांद्याचं कातडं आहे, तेवढ्यापुरतं रड. पण आधी वस्तीत जा. तीन घरं अजून जुन्या सांगाड्यावर उभी आहेत, घरकुलाच्या यादीत तिघांचीही नावं लागली आहेत, दिवाळीपर्यंत पडतील. पडू देत, त्यांना पक्कं घर मिळालंच पाहिजे. त्याआधी टेप घेऊन जा. खण किती, खांब कुठल्या झाडाचे, आढं कुठून आणलं, पैसे कुणी कुणी दिले, कधी जळालं, कुणी उभं केलं, हे म्हाताऱ्या बायांना विचारून घे. पुरुष विसरतात किंवा स्वतःचंच नाव सांगतात. फोटो काढ, सांध्यांचे जवळून काढ. पोरगा हो म्हणाला. परवा त्यानं पहिल्या घराच्या आढ्याचा फोटो पाठवला. त्यावर रडण्याची खूण नव्हती, मोजमाप होतं: साडेअकरा फूट, कडुलिंब.

मी समाजमंदिराचं आढं शोधायला तालुक्याच्या वखारीत गेलो होतो. पाच वर्षं उलटली होती, मालकाला आठवेना. मी घरी येऊन समितीची फाईल काढली. लाकूड विक्रीची पावती अजून तिथं आहे, खाली सचिव म्हणून माझी सही. कडुलिंब खांब सहा, बाभूळ वासे सरपणाच्या भावानं. त्याखाली: सागवान आढे, नग एक. आणि त्यापुढं वखारवाल्याच्या अक्षरात, ‘एका बाजूने जळके, वजावट रु. ६००’.